चुलीचा धूर

सज्जनहो, श्रीमद्भगवद्गीतेत धुराचा दृष्टांत दोन ठिकाणी आला आहे. तिसऱ्या अध्यायात भगवान सांगतात की, धुराने अग्नी झाकावा तसे कामाने ज्ञान झाकले जाते. अठराव्यात सांगतात की, अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कर्माबरोबर काही दोष असतोच. एवढ्यासाठी सहज कर्म टाकू नये. ही दोन्ही स्थळे आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो.

एकदा गीताजयंतीचे कीर्तन आटोपून घरी आलो. घरात गॅस आहे, परंतु आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. आमच्या सौभाग्यवती फुंकणी घेऊन बसलेल्या, डोळ्यांना धारा लागलेल्या, खोकल्याने बोलवत नव्हते. आम्ही म्हटले, "आज फारच धूर झालाय की!" त्या म्हणाल्या, "अहो, आजच नाही, रोजच होतो. गीतेतला धूर तुम्ही साऱ्या गावाला दाखवता, घरातला कधी पाहिलात का?"

आम्हांस उत्तर सुचेना. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरची पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, त्यांत चूल आहे. तेथे नकळत किडामुंगी जळते, म्हणून नित्य पंचमहायज्ञ सांगितले. मुंगीचा हिशेब आम्ही ठेवला; चुलीपुढे बसणाऱ्या माउलीचा ठेवलाच नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने स्वयंपाकाच्या धुरकट इंधनांपायी २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा धूर थट्टेचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, चूल गार असताना, नाकाला उपरणे गुंडाळून आम्हीच बसलो. पाहतो तो चूल राखेने तोंडापर्यंत भरलेली. लाकडाखाली वारा शिरेल कोठून? वारा नाही म्हणजे जाळ नाही, आणि जाळ नाही तेथे धूरच. राख उकरली तर आत निखारा जिवंत! वासनेचेही असेच असते. वरून विझलेली दिसते. म्हणून राख टोपलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. पत्र्याच्या डब्यात पुरती निवू द्यावी, मग भांड्यांना वा झाडांच्या बुडाशी घालावी.

नंतर धुराडे. काठीला चिंध्या बांधून वरून खाली फिरवली, तो घमेलेभर काजळी पडली. वाट अशी बुजली की धूर घरातच परततो; शिवाय साचलेली काजळी पेट घेते. चुलीच्या भेगा चिकणमाती, शेण आणि भुसा कालवून बुजवल्या, वर पोतेरे फिरवले. तापल्या चुलीवर मात्र पाणी घालू नये, ती तडकते. सरपणही अंगणात दवात भिजत होते. ओल्या लाकडाची बरीच शक्ती स्वतःचे पाणी आटवण्यातच जाते. ते बारीक फोडून आडोशाला वाळत रचले.

त्या दिवशी भाकरी झाली ती फुंकणीवाचून. धूर अगदी गेला असे नाही. लाकूड आहे तेथे थोडा राहणारच. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, पोर काखेत घेऊन चुलीपुढे बसू नये, आणि ज्याला जमेल त्याने गॅसच वाढवावा. प्लास्टिक तर चुलीत कदापि घालू नये.

सज्जनहो, 'दोष असायचाच' हे भगवंतांचे वचन आम्ही आळसाचे पांघरूण केले होते. त्यांनी कर्म टाकू नका म्हटले; काजळी झाडू नका असे कोठे म्हटले? एकादशीला स्वयंपाक थोडा, चुलीला सवड असते. त्या दिवशी घरच्या पुरुषाने टाळ उचलण्याआधी केरसुणी उचलावी. माउलीचे डोळे कोरडे राहिले तर ती विठोबाचे रूप नीट पाहील.

॥ रामकृष्णहरि ॥