मौन आणि अर्धा फेरा

विकणाऱ्याने आपल्या वस्तूतील दोष घेणाऱ्यास आपण होऊन सांगावा काय, हा प्रश्न बाजारपेठेइतकाच जुना आहे. धर्मशास्त्रकारांनी त्याचा विचार केला, कायदे करणाऱ्यांनी केला, आणि कीर्तनकारांनीही आपल्या परीने केला. आमच्यापुढे तो अलीकडे आला तो डिझेलच्या वासासह. बऱ्हाणपुरातील राजपुरा भागातले एक गृहस्थ आपला जुना मालट्रक विकावयास निघाले होते. तापीकाठची केळी उत्तरेकडे पोचविण्यात त्या गाडीचे आयुष्य गेलेले. गाडी चालत होती. परंतु उभी असताना तिची स्लो बसत नसे. ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही रेस आपोआप चढे, उतरे, पुन्हा चढे. मिस्त्रीने त्यांस दोन मार्ग सांगितले. एक, मूळ शोधावे. त्यात दिवस जातील, प्रसंगी पंप उतरवून बेंचवर न्यावा लागेल. दुसरा, स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आवळावा. रेस थोडी चढीच राहील, हेलकावा कानास कळणार नाही आणि गाडी खपेल. यात कायद्याने काही गैर आहे काय, एवढेच त्यांनी आम्हांस विचारले.

कायद्याचे उत्तर देण्यापूर्वी इंजिनाचे म्हणणे ऐकून घेणे भाग होते. डिझेल इंजिनात पंप जितके तेल देईल तितका वेग. आणि किती तेल द्यावे हे गव्हर्नर ठरवितो. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर बसविलेल्या फिरत्या गोळ्यांचाच हा वंशज. वेग वाढला की फिरती वजने बाहेर फेकली जातात आणि पंपातील दांडी सरकून तेल कमी होते. वेग घटला की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि तेल वाढते. ही दुरुस्ती वेळेवर आणि बेताची झाली तर वेग स्थिर राहतो. ती उशिरा पोचली तर ज्या चुकीसाठी ती निघाली ती चूक केव्हाच सरलेली असते, आणि दुरुस्तीच नवी चूक होऊन बसते. असा हेलकावा केव्हा विरतो आणि केव्हा वाढत जातो, याचे गणित मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ साली गव्हर्नरवर निबंध लिहून मांडले. (आमच्या न्यायालयांतील तारखांसही ते लावून पाहावे, असे कधी कधी मनात येते.)

साहजिकच रेस हेलकावू लागली की सारे जण गव्हर्नरकडे बोट दाखवितात. जाणता मिस्त्री तसे करीत नाही. तो टाकीपासून आरंभ करतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तेल ओढते, ढकलीत नाही. तिला बारीक चीर गेली, किंवा बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर चेपला, तर चालत्या इंजिनात बाहेर थेंबही दिसत नाही. उलट हवा आत शिरते. हवा दाबली जाते, तेल तसे दाबले जात नाही. म्हणून पंपाचा एखादा ठोका फुकट जातो आणि वेग पडतो. गव्हर्नर इमानाने तेल वाढवितो. तोच हवा सरते आणि वेग उसळतो. दोष नळीचा, बदनामी गव्हर्नरची! यासाठी प्रथम हातपंप मारून एअर काढावी आणि बुडबुडे थांबतात की नाही हे पाहावे. न थांबल्यास ओढीच्या बाजूचा एकेक सांधा तपासावा, मग फिल्टर. त्यानंतर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा (तेथे बोट मात्र नेऊ नये, ती धार कातडीत शिरते). ज्या सिलिंडरचे तेल तोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच कामचुकार होता असे समजावे. एवढे होऊनही हेलकावा राहिला तर मग पंपातील दांडी अडकते काय, गव्हर्नरच्या पिना झिजल्या काय, आणि ज्या जुन्या पंपांत गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो त्यांतील पडदा फाटला काय, हे पाहावयाचे.

अर्ध्या फेऱ्याने यातले काहीच होत नाही. वेग चढला की वजनांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, फ्लायव्हीलही अधिक सांभाळून घेते, आणि हेलकावा दबतो. दोष जेथल्या तेथेच असतो. तो हवेचा असेल तर गाडी एखाद्या चढावर दम सोडील. तो अडकणाऱ्या दांडीचा असेल तर पाय उचलला तरी रेस उतरणार नाही; आणि हे असीरगडच्या उतारावर घडले म्हणजे काय होईल, ते त्या रस्त्याने गेलेल्यास सांगावयास नको.

आता कायदा. १८७२ च्या करार कायद्याचे १७ वे कलम कपटाची व्याख्या करते. त्यातील एका उदाहरणात एक जण दुसऱ्यास लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्यास ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. पण घेणारी जर त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निकोप आहे असे मी धरून चालतो, तर गप्प बसणे हेच बोलणे होते. मात्र याच कलमात माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकून ठेवणे हे सरळ कपट म्हटले आहे. आमच्या मते त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा निकाल येथेच लागतो. ते नुसते मौन पाळणार असते तर वाद करण्यास जागा होती. त्यांनी स्क्रूला हात लावला की मौन संपले. मिस्त्रीच्या पान्ह्याने ते घेणाऱ्याशी बोलले, आणि खोटे बोलले.

धर्मराजाची कथा आपल्या देवळांत सर्वांनी ऐकलेली आहे. अश्वत्थामा मेला हे त्याने सांगितले, हत्तीचा शब्दही उच्चारला. कीर्तनकार सांगतात, नेमक्या त्याच क्षणी शंख वाजला. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो खाली टेकला. चढविलेली रेस ही त्या शंखासारखीच आहे. गाडी आपला दोष स्वतः सांगत होती. तिचा शब्द ऐकू येऊ नये एवढ्यासाठी केलेला तो नाद.

तेव्हा स्क्रूला हात न लावता गप्प बसलो तर चालेल ना, असे त्यांनी विचारले. आम्ही विचारले, घेणारा येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवणार काय? ते हसले. काही दोष गार इंजिनातच बोलतात, हे त्यांस आमच्याहून चांगले ठाऊक होते. पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. घोड्याच्या उदाहरणात कायद्याला दोनच माणसे दिसतात, विकणारा आणि घेणारा. दोघे शहाणेसुरते, आपापले हित पाहणारे. ट्रकच्या केबिनमध्ये मात्र तिसरा बसतो, आणि त्याच्या शेजारी चौथा, सतरा-अठरा वर्षांचा क्लीनर. सौद्याच्या कागदावर त्यांची सही नसते, भाव त्यांनी केलेला नसतो. घाटात मात्र तेच असतात. दोन पक्षांतले मौन क्षम्य ठरेलही. या दोघांवर ते लादण्याचा अधिकार कोणी दिला? गोव्याच्या वाचकांसही हा प्रश्न परका वाटू नये. २०१२ साली तेथील खाणी थांबल्या, तेव्हा खनिज वाहणारे ट्रक ओळीने उभे राहिले होते. अशी गाडी विकावयास काढणाऱ्याची निकड आम्हांस कळते. बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. निकड भाव पाडून घेण्यास कारण होईल, दोष झाकण्यास नव्हे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात झाकलेली वस्तू विकू नये असे सांगितले आहे. याज्ञवल्क्य त्याहून व्यवहारी. वस्तू घेतल्यावर ती पारखण्यास त्याने मुदती नेमून दिल्या: बियाण्यास दहा दिवस, रत्नास सात, ओझ्याच्या जनावरास पाच, लोखंडास एक. बैलाचा दोष दावणीशी कळत नाही, जू मानेवर ठेवल्यावरच कळतो, हे त्या स्मृतिकाराने ओळखले होते. ट्रक हे लोखंड मानावे की ओझ्याचे जनावर, यावर दोन वकील आठवडाभर भांडू शकतील. आम्ही जनावराच्या बाजूने आहोत.

त्याप्रमाणे आम्ही विक्रीचा कागद लिहून दिला. स्लो अस्थिर आहे, कारण शोधलेले नाही, पंप उतरविलेला नाही, आणि पाच दिवसांत गाडी परत करण्याची मुभा आहे, असे त्यात स्पष्ट घातले. आमच्या पक्षकारास ते रुचले नाही, आणि भावही त्यांच्या अपेक्षेपेक्षा उतरला. घेणाऱ्याने कागद दोनदा वाचून घेतला, आपला मिस्त्री आणला, आणि त्या मिस्त्रीने बॉनेट न उघडता प्रथम टाकीजवळची नळी पाहावयास मागितली.