निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांपासून इतके दुरावले आहेत की हा शब्द एकच आहे याचे भान बोलणाराला क्वचितच असते. वैद्याच्या तोंडी निदान म्हणजे रोगाचे कारण आणि स्वरूप यांचा निर्णय. माधवकराच्या ज्या ग्रंथावर आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या, तो तर ‘माधवनिदान’ याच नावाने ओळखला जातो. घरातल्या माणसाच्या तोंडी मात्र निदान म्हणजे ‘एवढे तरी’: निदान दोन घास खा, निदान पोचल्याचे पत्र तरी टाक. कर्करोगावरचे जे थोडे चित्रपट माझ्या मनात घर करून राहिले आहेत, ते आठवताना मला पुनःपुन्हा असे वाटत आले आहे की त्यांची खरी कथा या दोन निदानांच्या मधल्या जागेत घडते. पहिले निदान वैद्य करतो; दुसरे, म्हणजे हाती उरलेल्या दिवसांत निदान काय, हे रोग्याला स्वतःच करावे लागते, आणि त्या कामी कोणाचाही दाखला उपयोगी पडत नाही.

आकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा ‘इकिरू’ हा 1952 सालचा चित्रपट जठराच्या क्ष-किरण चित्राने सुरू होतो. हे आमच्या नायकाचे जठर, यात कर्करोग आहे, आणि त्याला अद्याप याची खबर नाही, असे निवेदक शांतपणे सांगतो. नायकाचा चेहरा दिसण्याआधी त्याची व्याधी दिसावी, आणि त्याच्या स्वतःच्या आधी आम्हां परक्या प्रेक्षकांना ती कळावी, या योजनेत मला त्या काळच्या एका मोठ्या रीतीचे प्रतिबिंब दिसते. कारण असाध्य रोगाची वार्ता रोग्याखेरीज बाकी सर्वांना द्यायची, हा शिरस्ता जपानात होता तसाच आपल्याकडेही होता. कांजी वातानाबे हा नगरपालिकेच्या कचेरीतला खातेप्रमुख, जवळजवळ तीस वर्षांत एकही गैरहजेरी नसलेला. त्याच्या मेजामागे कागदपत्रांचे डोंगर, हातात शिक्का, आणि तो शिक्का पुसण्यासाठी तो खणातून जो कागद फाडून घेतो, तो असतो कारभार सुधारण्याविषयी त्यानेच फार वर्षांपूर्वी सादर केलेल्या तजविजीतले एक पान. एका फाटलेल्या पानात एक सबंध आयुष्य मांडून दाखवण्याचे हे सामर्थ्य मी फार थोड्या कलाकृतींत पाहिले आहे.

रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात शेजारी बसलेला एक इसम वातानाबेला सांगतो की ज्याला कर्करोग असतो त्याला डॉक्टर मुद्दाम साधा व्रण सांगतात, आणि पचेल ते खा म्हणतात. थोड्याच वेळात डॉक्टरच्या तोंडून तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, बाहेर पडते. आणि वातानाबे झालेल्या ताकाशी शिमुरा या थोर नटाच्या हातातला कोट गळून खाली पडतो. सत्य त्याला कळते ते असत्याच्या वाटेने. पुढे तो घरी जातो तेव्हा मुलगा आणि सून त्याच्या निवृत्तीच्या रकमेचा हिशेब करीत असतात, आणि ज्या मुलाला सांगायचे म्हणून तो धावत आलेला असतो, त्याला तो अखेरपर्यंत काहीच सांगत नाही.

हे दृश्य पाहताना मला माझी आत्या आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या घरात त्या रोगाचे नाव उच्चारीत नसत. ‘गाठ’ म्हणत, आणि तेही स्वयंपाकघराचे दार लोटून घेतल्यावर. पित्ताचा विकार आहे, पथ्याने बरे वाटेल, असे आम्ही सर्वांनी संगनमताने तिला सांगितले, आणि तिने मान हलवून ते ऐकून घेतले. ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली तेव्हा प्रत्येक लुगड्याच्या घडीत टाचणीने एकेक चिठ्ठी लावलेली आढळली, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या वळणदार मोडीत एकेक नाव होते: हे थोरल्या सुनेला, हे धाकट्या जावेला, हे भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलीच्या लग्नात. तिला सर्व ठाऊक होते. आम्ही तिच्यापासून लपवीत होतो त्या दोन महिन्यांत ती आमच्यापासून लपवीत होती, आणि एका छपराखाली इतकी माणसे असूनही जे बोलायचे ते कोणी कोणाशी बोलू शकले नाही. ज्या प्रेमापोटी हे घडले त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तिच्या आयुष्यातल्या सर्वांत गंभीर गोष्टीत आम्ही तिला एकटे टाकले, ही बोच इतक्या वर्षांनीही गेलेली नाही.

म्हणून ‘इकिरू’चा उत्तरार्ध मला विशेष मोलाचा वाटतो. सांडपाण्याची घाण हटवून तिथे मुलांसाठी बाग व्हावी, असा अर्ज घेऊन काही गरीब स्त्रिया आलेल्या असतात आणि त्यांना एका खात्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरविले गेलेले असते. तो अर्ज वातानाबे पुन्हा हाती घेतो. त्याचे ‘निदान’ ठरते ते एवढे. आणि इथे कुरोसावा एक धाडस करतो: पाच महिन्यांनी आमचा नायक मरण पावला, असे निवेदकाकडून सांगवून तो आपल्याला एकदम सुतकाच्या बैठकीत आणून बसवितो, जिथे अंमलदार मंडळी बागेचे श्रेय आपापसांत वाटून घेत असतात आणि ते ओशाळून उठून गेल्यावर उरलेल्या कारकुनांच्या आठवणींतून मृताचे अखेरचे दिवस तुकड्यातुकड्याने उभे राहतात. नव्या बागेतल्या झोपाळ्यावर, पडत्या बर्फात, स्वतःशी गाणे गुणगुणणारा तो म्हातारा आपल्याला दिसतो तो अगदी शेवटी. टॉलस्टॉयच्या ज्या कथेपासून कुरोसावाला स्फूर्ती मिळाली तिच्या शीर्षकातच मृत्यू आहे; याने आपल्या चित्रपटाला नाव दिले ‘जगणे’.

हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ 1971 मध्ये आला, तेव्हापासून आपल्या देशात या रोगाचा चेहरा म्हणजे राजेश खन्नाचा हसरा चेहरा असे समीकरण होऊन बसले. मांडणीच्या दृष्टीने ‘इकिरू’च्या नेमकी उलट गोष्ट तिथे घडते: रोगी सर्व जाणून असतो, आतड्याच्या त्या विकाराचे लांबलचक नाव स्वतःच उच्चारतो, आणि न पेलणारे ओझे असते ते डॉक्टर भास्कर बॅनर्जीच्या खांद्यावर. रमेश आणि सीमा देव या मराठी जोडप्याने त्यात रंगविलेले कुलकर्ण्यांचे घर, मेट्रन झालेल्या ललिता पवार, अखेरीस ध्वनिफितीवरून येणारा गेलेल्या माणसाचा आवाज, हे सर्व मला प्रिय आहे. तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती मी आदरपूर्वक नोंदवितो. आनंदला वेदना जवळजवळ होतच नाहीत. त्याचे अन्न उलटत नाही, अंग झिजत नाही, औषधांच्या खर्चापायी कोणाचे दागिने गहाण पडत नाहीत. त्या चित्रपटाने रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांना धीर दिला, परंतु रोग्यावर मात्र प्रसन्न राहण्याची एक नवी सक्ती लादली. ‘कर्करोगाशी झुंज’ हा वृत्तपत्रांचा ठरीव शब्दप्रयोगही त्याच जातीचा आहे. ज्याला झुंजायचे नसते, ज्याला नुसते पडून राहायचे असते, भिंतीकडे तोंड करून रडायचे असते, त्याला या भाषेत जागा नाही.

ती जागा मला सापडली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये. 2004 साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, जे मराठीला ‘श्यामची आई’नंतर मिळाले नव्हते, पण मला महत्त्व वाटते ते एका प्रश्नाचे. कोकणातून आलेल्या परशाच्या दोन्ही डोळ्यांत कर्करोग आहे, शस्त्रक्रियेने प्राण वाचतील आणि दृष्टी जाईल. रोग्याला हे सांगितल्याखेरीज शस्त्रक्रिया करणार नाही, असा डॉक्टर सान्यांचा आग्रह आहे, आणि रोगी आहे एक लहान मुलगा. हे सांगायचे कोणी आणि कोणत्या शब्दांत? अरुण नलावडे यांनी उभा केलेला आजोबा परक्या शहरातल्या त्या रुग्णालयात कागद, रांगा आणि न कळणारी इंग्रजी नावे यांच्यात गांगरून फिरतो. समाजसेविका आसावरी त्याला हाताशी धरून वाट दाखविते. आणि शेवटी मुलाला कळते तेव्हा तो ओरडतो, हातपाय झाडतो. प्रसन्नतेची सक्ती त्याच्यावर कोणी करीत नाही. आमच्या घरात जे एका प्रौढ, समंजस स्त्रीला सांगण्याचे धैर्य कोणाला झाले नाही, ते इथे एका पोराला सांगितले जाते, आणि सांगितल्यानंतर त्याच्यापाशी थांबलेही जाते.

मग आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसा होतो. शोधाशोध होते, डॉक्टर संतापतात, आणि त्यांचा संताप रास्तही आहे. पण त्या अवधीत म्हातारा नातवाला शहर दाखवीत असतो. निदान आज, निदान एवढे, असे मनाशी मोजीत, पोराच्या डोळ्यांत जितके भरता येईल तितके भरीत असतो. शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावाकडे परततो, तेव्हा खाडीचे पाणी, काठ, झाडी यांतले काहीच त्याला दिसत नसते. मी तो चित्रपट पाहिला तेव्हा त्या होडीकडे बघता बघता मला आत्याची ट्रंक दिसत होती, आणि तिच्यातल्या घडीघडीत टाचणीने लावलेल्या त्या चिठ्ठ्या.