कनवटीची गाठ

लोभावर आपल्या संप्रदायात निरूपण पुष्कळ झाले आहे. परद्रव्याला हात लावू नये हे गळ्यात माळ घालतानाच सांगितले जाते, आणि माळकरी बहुधा ते पाळतोही. परंतु द्रव्य स्वतःच्या कष्टाचे आहे, नीतीने मिळवलेले आहे, कोणाचे देणे उरलेले नाही, गरज समोर उभी आहे, आणि तरी ते खर्च करताना हात कापतो, आणि खर्च केल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, या दुखण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रवचन संपल्यावर मंडळी भेटायला येतात. त्यांतले एखादे वडीलधारे माणूस गर्दी पांगेपर्यंत थांबते आणि हळूच म्हणते, "बुवा, देवाच्या दयेने पैसा आहे, पण तो सुख लागू देत नाही." असे म्हणणारे एक नव्हे, पुष्कळ भेटले. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

हे दुखणे ओळखावे कसे? उन्हाळ्यात घरात आंब्याची अढी लावतात. घरातले जाणते माणूस रोज सकाळी आंबे चाचपून पाहते. जो नासायला लागला तो आधी बाहेर काढायचा, नाहीतर वाया जाईल. चांगला आहे तो उद्यासाठी राहू द्यायचा. उद्या तो चांगलाही नासायला लागतो, मग त्याची पाळी. असे करता करता मृगाचा पाऊस येतो, अढी संपते, आणि त्या घराने सबंध मोसमभर नासकेच आंबे खाल्लेले असतात! हिशेब पाहाल तर चोख. एक आंबा फुकट गेला नाही. फक्त गोड आंबा कोणाच्या तोंडाला लागला नाही, एवढेच. लेकीने दिवाळीला आणलेल्या लुगड्याची तीच गत. "कार्याला नेसू" म्हणून त्याची घडी मोडायची नाही, आणि कार्य येते तेव्हा घडीवर कसर लागलेली.

आता हा लोभ म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. लोभ्याला दुसऱ्याचे हवे असते. या माणसाला दुसऱ्याचे काही नको. त्याला स्वतःचेच घेता येत नाही. संस्कृतात याला 'कृपण' म्हणतात. आपण त्याचा अर्थ 'कंजूष' असा करतो आणि हसतो. परंतु पाठशाळेत शब्द शिकताना तो कुळासकट शिकायचा असतो. 'कृपा' आणि 'कृपण' हे एकाच घरचे शब्द आहेत. कृपण म्हणजे दीन, ज्याची कीव यावी असा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःच्या अवस्थेला 'कार्पण्य' म्हणतो. तिथे काय पैशाची गोष्ट आहे? राज्य समोर आहे, सामर्थ्य आहे, धनुष्य जवळ आहे, आणि हात चालत नाही. ते कार्पण्य. तेव्हा घरात असा कोणी असेल तर त्याला चिडवू नका, बरं का! नातवंडे "आजोबा चिकट" म्हणून हसतात, ते योग्य नव्हे.

भागवताच्या एकादश स्कंधात, तेविसाव्या अध्यायात, अवंतीच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. नाथमहाराजांनी आपल्या भागवतात ती फार मन लावून सांगितली आहे. हा ब्राह्मण संपन्न होता, पण कदर्यू. नातेवाईक, अतिथी यांचा त्याने कधी शब्दानेसुद्धा सत्कार केला नाही. इथवर आपण समजू शकतो. परंतु व्यासांनी पुढे आणखी एक अपराध त्याच्या खात्यावर मांडला आहे, आणि तिकडे आपले लक्ष जात नाही: योग्य वेळी त्याने स्वतःच्या जिवालाही संतुष्ट केले नाही. पाहा माऊली! देवपूजा चुकली, अतिथी विन्मुख गेला, त्याच ओळीत 'स्वतःचा जीव उपाशी ठेवला' हेही बसवले आहे. पुढे ते धन गेले. काही भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही दैवाने आणि काळाने, काही राजाने. सर्व गेल्यावर तो म्हणतो, मी या जिवाला फुकट शिणवले. माझे द्रव्य ना धर्माच्या कामी आले, ना सुखाच्या.

मग तो द्रव्याच्या अवस्था मोजतो. मिळवताना, मिळाल्यावर, वाढवताना, राखताना, खर्चताना, नाहीसे होताना आणि भोगताना, या सर्व वेळी माणसाच्या वाट्याला कष्ट, भय, चिंता आणि भ्रम येतात. मिळवताना कष्ट, राखताना चिंता, हे कोणीही सांगेल. 'खर्चताना' आणि 'भोगताना' हे शब्द तिथे असणे, हे त्या ऋषीचे डोळे. पेढा तोंडात आहे आणि मन दुकानाच्या पाटीवरच्या भावाकडे आहे, ही स्थिती व्यासांना ठाऊक होती.

हे भय येते कुठून? सगळ्यांना एकच कारण लावता येणार नाही, पण माझ्या पिढीचे आणि माझ्याहून वडील पिढीचे एक कारण मी सांगू शकतो. 1972 साली पाऊस गेला. मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतली ज्यांची आज सत्तरी उलटली आहे, त्यांतल्या कितीकांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, बांध घातले. लाल मिलोची भाकरी आणि वाटपाची सुकडी खाऊन दिवस काढले. मी तेव्हा पोरगा होतो. सुकडीची चव अजून जिभेवर आहे. ज्याने त्या वयात घरातली रिकामी कणगी पाहिली, त्याच्या मनातली ती कणगी पुढे कधी भरतच नाही. बँकेच्या पासबुकात किती आकडे आहेत, हे त्याच्या मनाला कळत नाही. मन म्हणते, पुन्हा तसे साल आले तर? ही शहाणी भीती होती. तिने लेकरे जगवली. परंतु घरी आलेला पाहुणा कितीही उपकारी असला तरी पन्नास वर्षे मुक्कामाला राहिला की घराचा मालक होऊन बसतो.

आणि आपल्यासारख्यांत एक अधिक अडचण होते. ही भीती वैराग्याचे धोतर नेसून येते. "आपल्याला काय करायचंय, आपण वारकरी माणूस," असे म्हणून फाटक्या वाकळेवर झोपायचे आणि नवी सतरंजी पेटीत ठेवायची. अहो, वैराग्य असते तर ती सतरंजी एव्हाना कोणाला देऊन टाकली असती! पेटीला कुलूप आहे आणि किल्ली जानव्याला नाहीतर कनवटीला आहे, याला विरक्ती कसे म्हणावे? भोगी मनुष्य वस्तूला हाताने धरतो, हा भीतीने धरतो. धरणे दोघांचे सुटलेले नाही. संतांनी प्रपंच सांडा असे सरसकट सांगितले नाही. सावतोबा मळ्यात, गोरोबा चाकावर, नरहरी सोनार ताजव्यापाशी. माप, तोल, देणे, घेणे यांच्यामध्येच त्यांची भक्ती झाली.

तुकोबारायांचे घर तर महाजनाचे, दुकानदारीचे. दुष्काळात घर होरपळले, पत्नी अन्नावाचून गेली. त्यांच्याइतके भय बाळगण्याचे कारण कोणाला असेल? त्यांनी वडिलोपार्जित देण्याघेण्याची खते इंद्रायणीत बुडवली. पण कथा नीट ऐका. अर्धी खते त्यांनी कान्होबांना, धाकट्या भावाला, दिली आणि आपल्या वाट्याचीच बुडवली. भावाच्या हिश्शाला उदारपणाचा हात लावला नाही. त्याच तुकोबांनी गृहस्थाला सांगितले, की सचोटीने मिळवावे आणि खर्च करताना मन उदास असावे.

इथे थोडे थांबू. 'उदास' म्हटले की आपल्यासमोर पडलेला चेहरा येतो, आणि पुष्कळ लोक त्या अर्थाने हा उपदेश तंतोतंत पाळतात. खिशातून नोट काढताना त्यांच्याइतके उदास कोणी दिसणार नाही! विनोद सोडा. 'उद्' म्हणजे वर, 'आस्' म्हणजे बसणे. उदास म्हणजे वर बसलेला, पाण्यात न उतरता काठावर बसून प्रवाह पाहणारा. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीताचे वर्णन करताना उदासीन हाच शब्द आला आहे. नदी वाहते, तो पाहतो. आले, गेले. गेलेल्या पाण्यामागे तो धावत नाही. खर्चापूर्वी विचार करावा, भाव करावा, चार दुकाने हिंडावी. त्यात गैर काही नाही. पण एकदा पैसा दिला की तो दिला. रात्री अंथरुणावर पडून तोच पैसा पुन्हा पुन्हा देत बसणे, म्हणजे एका वस्तूची किंमत दहादा मोजणे. सांगा, यात उधळ्या कोण?

कोणी म्हणेल, मग हिशेबच नको. असे नाही. नाथमहाराज देवगडावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैच्या चुकीसाठी रात्रभर दिवा लावून बसले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. तेच नाथ पुढे रामेश्वराच्या वाटेवर गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओततात. इतक्या दुरून खांद्यावर वाहिलेले पाणी! एक पै शोधणारा हात आणि कावड रिकामी करणारा हात एकच आहे. कावड ओतल्यावर नाथ वाळूकडे बघत बसले, असे कोणी सांगत नाही.

आता किती खर्चावे? भागवताच्या अष्टम स्कंधात द्रव्याचे पाच वाटे सांगितले आहेत: धर्मासाठी, कीर्तीसाठी, पुन्हा द्रव्य वाढवण्यासाठी, स्वतःच्या सुखासाठी आणि स्वजनांसाठी. गंमत अशी, की हे सांगणारे शुक्राचार्य आहेत आणि बळीने दान देऊ नये म्हणून ते सांगत आहेत! असो, वक्ता कसाही असो, गणित खोटे नाही. त्यात स्वतःच्या सुखाचा वाटा वेगळा काढला आहे. तो शिल्लक राहिला तर घ्यावा, असे म्हटलेले नाही. अर्थात याचा आधार घेऊन कोणी कर्ज काढून लग्नात डीजे लावील, तर त्याला शुक्राचार्यही वाचवणार नाहीत. तो निराळा रोग, त्याचे निरूपण निराळे.

स्वतःसाठी खर्च करताना ज्यांना अपराध्यासारखे वाटते, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पोळ्याला शेतकरी बैलाला पुरणपोळी घालतो. त्या पोळीचा हिशेब कोणी मांडतो का? वर्षभर राबला, एक दिवस त्याचा. आपले शरीर हा विठोबाचा बैल आहे. मालकाचा बैल उपाशी ठेवून मालकाचे पैसे वाचवले, तर मालक शाबासकी देईल काय? दुसरी गोष्ट नैवेद्याची. नवी वस्तू आणली, मग ती चादर असो, चष्मा असो की पावशेर द्राक्षे असोत, आधी देवापुढे ठेवावी, तुळशीचे पान वाहावे, मग घ्यावी. देवापुढून परत आले ते प्रसाद झाले. प्रसाद हातावर पडल्यावर गुळाचा भाव कोणी विचारत नाही, आणि प्रसाद पेटीत ठेवायचा नसतो.

आमच्या दिंडीतल्या एका माळकऱ्याची गोष्ट सांगतो. 72 साली त्यांनी खडी फोडलेली. पुढे साखर कारखान्यात नोकरी, मुले मार्गी लागलेली, निवृत्तीचे पैसे बँकेत. दिंडीची भिशी सर्वांच्या आधी भरायची, एखाद्या गरिबाची कमी पडली तर तीही मुकाट्याने भरायची. दुसऱ्यासाठी हात सैल, पण स्वतःसाठी वाटेत चहासुद्धा नाही. दहा वर्षांपासून ऐकू कमी येत होते. कीर्तनाला अगदी पुढे बसायचे, कानामागे हात धरून. नवविधा भक्तीत पहिली श्रवणभक्ती, आणि हे गृहस्थ टाळकऱ्यांचे पाय बघून ठेका धरीत! मुलांनी कानाचे यंत्र घ्या म्हटले की एकच उत्तर, "आता किती दिवस राहिले? कशाला एवढा खर्च?"

शेवटी मुलांनी यंत्र आणलेच. झाले काय, तर ते डबीत. घाम लागेल, धूळ जाईल, सेल संपेल. ऐन कीर्तनात ते खिशात, आणि घरी सगळे निजल्यावर भिंतीवरचे घड्याळ ऐकायला पाच मिनिटे कानात. मला कळले तेव्हा मी त्यांना म्हटले, "आबा, हे यंत्र कोणाचे?" म्हणाले, "पोरांनी घेतलं." म्हटले, "ते विठोबापुढे ठेवा, आणि मग विचारा त्याला, हे डबीत ठेवू की कानात." त्यांना राग आला. चार-सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पुढच्या वारीला वाल्ह्याच्या मुक्कामी कीर्तन होते. आबा चौथ्या-पाचव्या रांगेत बसलेले, दोन्ही हात मांडीवर. कीर्तन झाल्यावर भेटायला आले. यंत्र कानात होते, त्याला घराच्या देव्हाऱ्यातला बुक्का लागलेला. मी काही विचारण्याच्या आधीच म्हणाले, "बुवा, तुमचा पखवाजवाला फार जोरात वाजवतो. आणि तुम्ही दुसऱ्या चरणाला घाई करता."