तुपाचं खातं, साखरेचं खातं

मराठी माणसानं वजन कमी करायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती भाषेची. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' हा बाणेदारपणा ज्या भाषेनं शिकवला, 'साखरेचं खाणार त्याला देव देणार' म्हणून जिनं थेट परमेश्वराला जामीन ठेवलं, त्या भाषेत 'तेल-तूप कमी करावं की साखर?' असं विचारणं म्हणजे चारचौघांत लहान मुलाला 'तुला आई जास्त आवडते की बाबा?' असं विचारण्यासारखं आहे. मूल बिचारं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभं राहतं. आम्ही चाळिशी उलटलेले लोक वजनकाट्यावर उभे राहतो, एवढाच फरक.

आमच्या शाखेत या प्रश्नावरून सरळ दोन पक्ष पडले आहेत. कॅशिअर साखरेच्या विरोधात. चहा बिनसाखरेचा, आणि तो पिताना चेहरा असा की जणू देशासाठी काहीतरी सोसताहेत. मात्र त्यांच्या डब्यातल्या पराठ्याचं तेल टिपायला वर्तमानपत्राचं एक पान पुरत नाही, पुरवणी लागते. कर्ज विभागातले काका तेलाच्या विरोधात. ते उकडलेला दुधीभोपळा आणतात. तो भोपळा नुसता दाखवला तरी थकलेला कर्जदार हप्ता भरून जाईल. पण जेवण झालं की काका खिशातून लिंबाएवढा गुळाचा खडा काढतात आणि "गूळ म्हणजे नैसर्गिक, बरं का!" असं म्हणत गालात सारतात. (साखरही उसातूनच निघते, उकिरड्यातून नव्हे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. उष्मांकांच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्खी भावंडं.) गंमत अशी, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या ताटातलं पाप बरोबर ओळखतो.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञान कळत नाही, पण बेरीज येते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात 9 उष्मांक, एक ग्रॅम साखरेत 4. म्हणून एके रात्री मी किराणा मालाची यादी घेऊन बसलो. आमच्या घरात माणसं चार : आई, बायको, मुलगी आणि अस्मादिक. महिन्याला तेल चार लिटर, साखर चार किलो. म्हणजे माणशी रोज तेल सुमारे 30 ग्रॅम, उष्मांक 270. साखर 33 ग्रॅम, उष्मांक 130 च्या आसपास. यादीत ओळीनं वर-खाली बसणारे हे दोन जिन्नस, पण तेलाचा बोजा साखरेच्या दुप्पट! तेलविरोधी पक्ष जिंकला, असं मी जाहीर करणार, तेवढ्यात लक्षात आलं की तेल कोणी वाटीत घेऊन पीत नाही आणि साखर मात्र अशी काही हळूच जाते की पत्ता लागत नाही. दिवसाचे चार चहा, दर चहाला दोन चमचे. झाले की 160 उष्मांक, आणि पोटाला विचारलं तर ते म्हणणार, "छे, आज काही खाल्लंच नाही!"

शिवाय हे दोघं एकेकटे सापडतात कुठं? लाडू, करंजी, शंकरपाळे यांची नोंद नेमकी कोणत्या खात्यात करायची? सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर सारख्याच मापानं घालतात. देवानं पक्ष घ्यायचं नाकारलं, तिथं मी कोण!

माणसं मात्र पक्ष घेत आली आहेत. 1863 साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या एका गृहस्थानं आपलं वजन कसं उतरलं यावर पुस्तिका लिहिली. (धंद्यातला अनुभव दांडगा असणार. जड गिऱ्हाईक म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?) आज साखरविरोधी मंडळी त्याला आपला आद्यपुरुष मानतात, पण त्यानं पाव, साखर, बटाटे आणि बिअर यांच्याबरोबर लोणीही सोडलं होतं, हे कोणी सांगत नाही. पुढं अमेरिकेत अँसल कीज यांनी चरबीकडे बोट दाखवलं. 1961 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं. इंग्लंडात जॉन युडकिन यांनी 1972 मध्ये साखरेविरुद्ध पुस्तक लिहिलं. हे भांडण मुळात हृदयविकारावरून होतं, पोटाचा घेर त्यात मागाहून ओढला गेला. आणि 2016 मध्ये उघडकीला आलं, की 1967 साली ज्या शास्त्रीय लेखानं चरबीला दोषी धरून साखरेला जवळजवळ निर्दोष सोडलं, त्याचे पैसे अमेरिकेतल्या साखर उत्पादकांच्या संस्थेनं मोजले होते. लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. आमच्याकडे अर्जदाराच्या मालमत्तेचं मूल्यांकन अर्जदाराच्या मेहुण्यानं केलं, तर फाइल जागच्या जागी परत जाते!

शेवटी 2018 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. 609 माणसं घेतली. निम्म्यांना वर्षभर स्निग्ध पदार्थ कमी, निम्म्यांना साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी. पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलोनं उतरलं, दुसऱ्याचं 6 किलोनं. या फरकाला संख्याशास्त्र फरक मानत नाही. कोणाची जनुकं कशी, कोणाच्या अंगात इन्शुलिन किती पाझरतं, हेही बघितलं. त्यावरूनही कोणाला कोणतं पथ्य लागू पडेल हे सांगता आलं नाही. भाज्या भरपूर खा, मैदा आणि वरून घातलेली साखर टाळा, हे मात्र दोन्ही गटांना सांगितलं होतं. म्हणजे साखर तशी दोन्हीकडून फसली. पण गंमत सरासरीत नसतेच. त्याच प्रयोगात, दोन्ही गटांत, कोणी वीस किलोंच्या वर उतरले आणि कोणी चक्क वाढले.

हे वाचल्यावर मला आमची आत्या आठवली. काशीला गेलेल्या माणसानं तिथं आवडीचं काहीतरी सोडून यायचं, अशी पद्धत आहे. आत्यानं कारलं सोडलं. तिला कारलं जन्मात कधी आवडलं नव्हतं. घरात मोठी चर्चा झाली. काका म्हणाले, हा देवाशी लबाडीचा व्यवहार झाला. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. त्याग म्हणजे ज्याच्यावर जीव जडलाय ते सोडणं. पण वजनाच्या बाबतीत ही नीती उलटी लागू पडते. शरीराच्या खात्यात त्यागाला व्याज नाही. तुम्ही रडत सोडलेले शंभर उष्मांक आणि सहज सोडलेले शंभर उष्मांक यांची जमा सारखीच. उलट, जिवापाड आवडणारी वस्तू सोडणारा वीर तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री डबे हुडकताना सापडतो. तेव्हा ज्याच्यावाचून आपलं फारसं अडत नाही ते सोडावं, फक्त ते आपण खरोखर खात असलो पाहिजे. आत्यानं कारलं सोडून तिचं वजन उतरणं शक्य नव्हतं.

इथपर्यंत प्रश्न सोपा होता. तो अवघड केला आमच्या सौभाग्यवतींनी. तेल-साखरेचा तो ताळेबंद मी तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून तेल तीन लिटर आणू या."

ती म्हणाली, "आणू या की. पण चौथा लिटर कोणाच्या ताटातला कमी करायचा, तेवढं लिहून द्या."

वाचकहो, बँकेत वीस वर्षं काढून मला जे सुचलं नव्हतं ते हे. साखर हे वैयक्तिक खातं आहे. माझ्या कपात मी दोन चमचे घालीन नाहीतर शून्य घालीन. दुसऱ्याच्या चहाची चव बिघडत नाही. पण तेल हे संयुक्त खातं. कढई एक, फोडणी एक. माझं वजन 84 किलो आणि तेच मला खुपतं. मुलगी पंधरा वर्षांची, वाढत्या अंगाची. आईचं वजन 41 किलो, आणि डॉक्टर दर खेपेला म्हणतात, "आजी, थोडं वाढवा." आता कढईला काय कळतं, या वांग्याची कुठली फोड कोणाच्या पानात जाणार! माझ्या पोटाचा घेर उतरवायला घरातल्या तीन माणसांच्या भाजीवरची तर्री जायची, आणि वर पुन्हा संयमी म्हणून नाव व्हायचं माझंच! 'आपल्याच पोळीवर तूप ओढणं' याला आपण स्वार्थ म्हणतो. दुसऱ्याच्या पोळीवरचं तूप काढून आपण बारीक होणं, याला भाषेत अजून शब्द नाही.

माझी भाजी वेगळी कर, असंही म्हणता येतं. अनेक घरांत म्हणतातच. मग संध्याकाळी सहाला नोकरीवरून आलेली बाई दोन कढया चढवते आणि साहेब दिवाणखान्यात बसून उष्मांक मोजतात.

तेव्हा मी सध्या साखर सोडली आहे. विज्ञान दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच तोलतं, असं कळल्यावर ज्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत नाही ते निवडलं. आठातले सात चमचे गेले. आठवा सकाळच्या पहिल्या चहात ठेवला आहे. माझी भाजी वरचा तवंग न घेता वाढून घेतो. तवंग मुलीला आवडतो. काटा सावकाश का होईना, खाली सरकतोय.

राहता राहिलं तूप. ते ना वैयक्तिक, ना संयुक्त. ते खातं आईचं. 1972 च्या दुष्काळात ती विशीत होती. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेल्या लाल मिलोच्या भाकरी तिनं थापल्या आहेत. तूप त्या घरात पाहुण्यापुरतं असे. आता वरणभातावर तूप वाढायचं काम ती कोणाला देत नाही. परवा मी ताटावर हात आडवा धरून म्हटलं, "आई, अर्धाच चमचा."

"साखर सोडलीस ना?" ती म्हणाली.

"सोडली."

"मग हात काढ."

आणि तिनं चमचा भरून वाढलं. नंतर स्वतःच्या भाताकडे वळली, तेव्हा मी तिच्या हातातून तुपाचं भांडं घेतलं आणि तिच्या पानात दोन चमचे घातले. "पुरे, पुरे," ती म्हणत होती, पण हात काही तिनं आडवा धरला नाही.