किरकोळ शरीर

वेदान्तावरच्या इंग्रजी पुस्तकांची मुद्रितं तपासताना मी कॉझल आणि कॅज्युअल या जोडीवर टपूनच बसलेली असते. मधल्या 'यू' आणि 'एस'ने जागा बदलली की झालं! स्थूल, सूक्ष्म आणि कारण या तीन शरीरांपैकी तिसरं, कॉझल बॉडी, बघता बघता कॅज्युअल बॉडी होतं. जन्मभर शाळेत नोकरी केलेल्या बाईला कॅज्युअल म्हटलं की किरकोळ रजाच आठवणार. संगणक लाल रेघ ओढत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या कोशात आहेत.

दुसरी जोडी इमनन्ट आणि इमिनन्ट. पहिला सृष्टीत भरून राहिलेला, दुसरा येऊ घातलेला, आणि तेही बहुधा संकट. 'ए'च्या जागी 'आय' पडला की बृहदारण्यकातला अंतर्यामी थेट दाराशी येऊन ठेपतो. आत आहेच, तो येणार कुठून?

एक लेखक मला म्हणाले, "बाई, देवाला भाव कळतो." यावर लगेच बोलता येत नाही. 'मरा मरा' म्हणणारा वाल्या तरला. अजामिळाने तर मुलालाच हाक मारली होती.

पण मग त्वष्ट्याचं काय? इंद्राने त्याचा मुलगा मारला, म्हणून त्याने इंद्राला मारणारा हवा असा यज्ञ केला. 'इन्द्रशत्रु' शब्दातला स्वर चुकला आणि अर्थ झाला, इंद्र ज्याला मारील तो. यज्ञातून जन्मलेला वृत्रच मेला. व्याकरण का शिकावं हे सांगताना पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच हा दाखला दिला आहे. बापाचा भाव तर लख्ख होता, कोणी विचारला?

मला वाटतं, फरक ऐकणाऱ्याचा आहे. अजामिळाची हाक ऐकणारा मन ओळखणारा होता. यज्ञात तसं कोणी नाही. मीमांसकांच्या मते फळ कर्मातूनच येतं, देवतेच्या मर्जीने नव्हे. तिथे उच्चारलं तेच चालतं. पुस्तक मला या दुसऱ्या जातीचं वाटतं. लेखक पानाशेजारी उभा नसतो.

1631 साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलात 'नॉट' गळला आणि व्यभिचार करण्याची आज्ञाच छापली गेली. मुद्रकांना 300 पौंड दंड झाला. तरी त्या पानामुळे कोणी बिघडलं असेल असं मला वाटत नाही. ती आज्ञा सगळ्यांना पाठ होती. कारणशरीर कोणाला पाठ असतं? ज्याला ठाऊक आहे तो चूक मनातच दुरुस्त करून पुढे जातो, आणि त्याला या पुस्तकाची गरजही नसते. फसतो तो पहिल्यांदा वाचणारा. पुस्तक असतं त्याच्यासाठी.

हे मी लेखकांना सांगितलं. तिसरं शरीर त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केलं. इमिनन्ट मात्र राहू द्या म्हणाले. "कल्की यायचाच आहे की!"

प्रकरण ईशावास्यावरचं होतं. मी 'आय' खोडला.