थरथरता हात आणि कामाचा शेवट

आपल्या बेळगाव-निपाणीच्या टापूत ‘वयोमानाने हात हलतो’ असे म्हणून जे दुखणे लोक सोडून देत, त्यास आता डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. कंपवात हा आपला शब्द जुनाच आहे. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अवघ्या सहा माणसांवरून त्याचे वर्णन लिहिले. मेंदूच्या एका लहानशा भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नाश पावतात. मग हालचाल मंदावते, अंग ताठते, हात कापतो. औषधाने हे दुखणे आवरता येते, मुळापासून जात नाही. म्हणून कमावत्या वयात ज्यास ते गाठते त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वाचकहो, त्याचाच विचार आम्ही येथे करू इच्छितो. काम केव्हा थांबवावे, आणि ते कोणी ठरवावे?

जमेनासे झाले की थांबावे, असे कोणीही सांगेल. पण १९६० नंतरच्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले, तेव्हापासून ‘जमेनासे’ म्हणजे काय हे सांगणे कठीण झाले आहे. (खाजकुयलीच्या बियांतही हेच द्रव्य असते, म्हणून कोणी त्या परस्पर कुटून खाऊ नयेत.) दुखण्यास काही वर्षे झाली की गोळीचा अंमल चढतो-उतरतो. सकाळी ज्या माणसास सदऱ्याचे बटण लागत नाही, तोच दोन तासांनी सायकलीला पॅडल मारतो. शेजारी म्हणतात, सोंग आहे. कोणत्या घटकेवरून त्याची पारख करावी?

आमच्या थोरल्या बंधूंचे निपाणीत शिवणकामाचे दुकान आहे. हे दुखणे आल्यावर त्यांनी पहिल्यांदा कात्री सोडली. कापड दुसऱ्याचे असते, एकदा कापले की परत जोडता येत नाही, एवढेच ते म्हणाले. मापे घेणे मात्र चालू ठेवले. पुढे वहीतले आकडे मुंगीएवढे होऊ लागले. अक्षर बारीक होत जाणे हे या दुखण्याचेच लक्षण. मग ते माप मोठ्याने सांगत आणि पोरगा लिहून घेई. पुढे आवाजही बसला. आता ते खुर्चीवर बसून, अंगावर घातलेला कपडा कोठे ओढतो एवढेच पाहतात, आणि ते काम त्यांच्याइतके दुकानात कोणास येत नाही. गणनेच्या आठव्या अध्यायात लेव्यांसाठी असाच नियम आहे. पन्नाशीनंतर ओझ्याचे काम सोडावे, पण भावांबरोबर राहून रखवालीस हातभार लावावा. काम म्हणजे एकच मोठे दार आहे, आणि ते एके दिवशी लावून घ्यायचे आहे, ही समजूत आम्हांस चुकीची वाटते.

तरी एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. ज्याच्या हाताखाली दुसऱ्याचा जीव आहे, म्हणजे बस चालविणारा, शस्त्रक्रिया करणारा, इंजेक्शन देणारी परिचारिका, त्याने कोणी सांगण्याची वाट पाहू नये. येथे आम्ही भीडभाड ठेवणार नाही. परंतु पुष्कळदा आपण ज्यास धोका म्हणतो तो नुसता आपल्या डोळ्यांना होणारा त्रास असतो. प्रभुभोजनाच्या वेळी एखाद्या वडिलांच्या हातातला प्याला हिंदकळतो, पांढऱ्या कापडावर एक थेंब पडतो, आणि पुढच्या बैठकीत कुजबूज होते की त्यांना आता विश्रांती द्यावी. त्या थेंबाने कोणाचे काय बिघडले? मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर यांनी ते दोन्हीकडून धरले. त्याला डोंगरावरून खाली बसविले नाही. चेहऱ्याचे स्नायू ताठल्यामुळे असा मनुष्य रागावलेला दिसतो, हेही मंडळीस कोणीतरी सांगावे.

पण निर्णय ज्याचा त्याने घ्यावा म्हणावे, तर हे दुखणे कधी कधी बुद्धीवरही छाया टाकते. जॉर्ज फर्नांडिस यांचे उदाहरण आठवते. १९७४ च्या रेल्वे संपाचा हा पुढारी. उतारवयात पार्किन्सन व अल्झायमर यांनी त्यांस गाठले. २००९ साली पक्षाने प्रकृतीचे कारण देऊन लोकसभेची उमेदवारी नाकारली, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षी राज्यसभेवर बिनविरोध गेले खरे, पण तो शेवटचाच काळ ठरला. त्यांना दोष देणे आमच्या मनात नाही. आम्हांस एवढेच वाटते की ‘आता पुरे’ असे सांगण्याचा हक्क डोके शाबूत असतानाच एका माणसास देऊन ठेवावा. आमच्या बंधूंनी तो मुलास दिला नाही, जुन्या कारागिरास दिला. मुलगा मायेपोटी लवकर सांगेल आणि गिऱ्हाईक भिडेपोटी कधीच सांगणार नाही, असा त्यांचा हिशेब.

इतका विचार करण्यास सवड असणे हीही एक मिळकतच आहे. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईस ती नाही. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, सगळे काम बोटांच्या टोकांचे, आणि मजुरी हजारी. सैल विडी छाटीत जाते. तिला काम सोडण्याचा दिवस ठरवावा लागत नाही. आज आठशे, पुढल्या वर्षी पाचशे, मग पान देणेच बंद. येथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडवला, गोळीबार सोसला. विडी-तंबाखूच्या कामगार स्त्रियांनीही संघटना बांधली. मंदावलेल्या बोटांचा भाव मात्र कोणी ठरवला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नाव आहे. सरकारी नोकरास नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्यास काढता येत नाही. झेपेल अशा जागी त्याच पगारावर बदलावे लागते. सरकारी शाळेतल्या मास्तरास हा आधार आहे. घरी बसून विड्या वळणारीस तो नाही. चाळीस टक्के अपंगत्व ठरल्यास दाखला मात्र तिलाही मिळू शकतो. उपचार कोल्हापूर-मिरजेचे, दाखला बेळगाव जिल्ह्याचा, कचेरीचा कारभार कानडीत. सीमाभागातल्या माणसास ही कसरत नवी नाही, पण थरथरत्या हाताने ती एकटीस होत नाही.

पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णास शुभार्थी आणि सांभाळणाऱ्यास शुभंकर म्हणते. निपाणीत अशा बाईबरोबर बेळगावच्या एस.टी.त बसून, तिचा अर्ज भरून, रांगेत उभे राहणारा शुभंकर कोण, हे प्रत्येक मंडळीने आपापल्या पुढच्या बैठकीत नावानिशी ठरवावे.