सारथी पाण्यात पडल्यावर

किल कॉर्ड ही दिसायला अगदीच साधी वस्तू. वेटोळ्यांची, बहुतेकदा लाल रंगाची दोरी. एका टोकाला मांडीभोवती किंवा लाइफ जॅकेटला अडकवायचा हूक, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी क्लिप. क्लिप सुकाणूजवळच्या बटणाखाली बसते. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी ताणली जाते, क्लिप निघते, बटण खटकन मिटतं आणि इंजिन बंद पडतं.

५ मे २०१३ रोजी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळच्या कॅमल नदीच्या खाडीत, एका वेगवान बोटीतलं सहा जणांचं कुटुंब वळण घेताना पाण्यात फेकलं गेलं. किल कॉर्ड बोटीत होती, पण चालकाला अडकवलेली नव्हती. बोट रिकामी झाली तरी थांबली नाही. गोल गोल फिरत ती पुन्हा पाण्यातल्या माणसांवर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली.

अपघाताची कारणं तपास अहवालात आली. अहवालात न मावणारा एक प्रश्न मात्र उरतो. बोटीत कुणीच नसताना बोटीने जे केलं, ते कर्म कुणाचं? इंजिन मुद्दाम चालू ठेवलेलं होतं, गती कुणीतरी दिलेली होती. पण ती देणारा आता पंख्यासमोर पाण्यात होता. कर्ता बाजूला पडला आणि क्रिया चालूच राहिली. भारतीय दर्शनांना ही अवस्था अनोळखी नाही.

कठोपनिषदात यम नचिकेत्याला रथाचं रूपक सांगतो. शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. सारथी अडाणी असेल तर घोडे उधळतात, शहाणा असेल तर ताब्यात राहतात. इंजिनाची ताकद आजही घोड्यांत मोजतात, म्हणून हे रूपक बोटीला चपखल बसेल असं वाटतं. पण यमाच्या रथात सारथी चांगला असो की वाईट, तो बसलेला तर असतो. जागा रिकामी झाली तर पुढे काय, याचा विचार तिथे नाही.

तो विचार सांख्यांनी केला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, ६७व्या कारिकेत, कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त आहे. ज्ञान झालं, आता नवं कर्म लागत नाही. मग ज्ञान्याचं शरीर तत्क्षणी गळून का पडत नाही? तर कुंभाराने हात काढून घेतला तरी चाक आधीच्या वेगाने काही काळ फिरत राहतं, तसं ते राहतं. शंकराचार्यांच्या भाष्यांत सुटलेल्या बाणाचाही दाखला येतो. आपल्याकडे घराघरांत ‘प्रारब्ध भोगूनच संपवायचं’ असं म्हणतात, त्यामागे हीच कल्पना आहे. या सगळ्याला एक गृहीतक आधार देतं, आणि ते इतकं उघड आहे की कुणी वेगळं सांगत नाही: चाक मंदावत जातं. बाण कुठेतरी पडतो. वेग हा साठा आहे आणि साठा सरतो.

रिकाम्या बोटीला हे लागू नाही. तिच्या टाकीत पेट्रोल आहे. ती मागच्या वेगावर फिरत नसून प्रत्येक क्षणी नवा वेग निर्माण करत असते, आणि तोही निघून गेलेल्या माणसाच्या जुन्या हुकमावर. प्रारब्धाला क्रियमाणाचा, म्हणजे आत्ता घडत असलेल्या कर्माचा, अखंड पुरवठा व्हावा, असा हा विचित्र प्रकार आहे. किल कॉर्ड ज्याला जोडलेली असते तो कटऑफ स्विच बोटीला जागच्या जागी उभी करत नाही. इंजिन बंद झाल्यावरही ती थोडी घसरत जातेच. तो फक्त पुरवठा तोडतो आणि बोटीला पुन्हा कुंभाराचं चाक करून टाकतो.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान, ३ किंवा अधिक अश्वशक्तीच्या आणि असा स्विच असलेल्या बोटीच्या चालकाने वेगात असताना तो वापरणं सक्तीचं झालं. मुख्य सुकाणू बंदिस्त केबिनमध्ये असेल तर मात्र सूट आहे. म्हणजे दोन इंजिनांच्या मोठ्या केबिन क्रूझरचा मालक बहुधा या कायद्यातून सुटतोच. भिंतींच्या आत बसलेला माणूस पडेल कुठे, असा कायद्याचा हिशेब. पण तोच माणूस ऑटोपायलट लावून मागच्या डेकवर दोर आवरायला जातो. तिथून पडला, तर बोट गोल फिरत नाही. सरळ निघून जाते. असा मालक स्विच बसवतो तेव्हा दंडाचं भय नसतं. स्वतःवर घालून घेतलेला तो नियम असतो, आणि म्हणूनच तो जास्त विचार करण्याजोगा आहे.

बसवायला बसलं की तारांतूनही तत्त्वज्ञान निघतं. एका क्लिपने दोन्ही इंजिनं थांबली पाहिजेत. एकच थांबलं तर दुसरं बोटीला वळवत राहील. पण दोन्ही इंजिनांच्या तारा एकत्र बांधूनही चालत नाही, कारण एकाचा प्रवाह दुसऱ्यात शिरतो. म्हणून दोन स्वतंत्र संपर्क असलेला स्विच लागतो: हुकूम एक, मार्ग वेगळे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसतेच, तिथे इंधन तोडावं लागतं. काहींत वीज मिळते तोवरच इंधनाचा मार्ग उघडा राहतो. तार तुटली की इंजिन थांबतं. काहींत उलट, थांबवण्यासाठीच वीज लागते. खाऱ्या हवेने तार गंजली तर थांबण्याचा निरोप पोचतच नाही. पहिल्या रचनेत मौन म्हणजे नकार, दुसऱ्यात मौन म्हणजे संमती. माणसांच्या व्यवहारात आपण बहुतेक वेळा दुसरी रचना धरून चालतो, हे फारसं भूषणावह नाही.

मौन ओळखणंही सोपं नसतं. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला ‘डेडमॅन’ हँडल दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतात. सिडनीच्या दक्षिणेला वॉटरफॉलजवळ ३१ जानेवारी २००३ रोजी एका रेल्वेगाडीच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आला. त्या गाडीत याच कामासाठी पायाखालचं पेडल होतं, पण निश्चेष्ट पायाच्या वजनाने ते दाबलेलंच राहिलं. गाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि चालकासह ७ जण गेले. यंत्राला संमती हवी होती, वजन मिळालं. त्याला फरक कळायचं कारण नव्हतं. बोटीवर हाच घोटाळा माणसं स्वतःहून करतात: क्लिप बटणात कायमची खोचलेली आणि दोरीचं दुसरं टोक सीटच्या दांडीला. जानवं खुंटीला टांगून संध्या उरकावी, तसंच.

दोरीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं सगळंच फालतू नाही. खाडीच्या तोंडाशी मागून लाट येत असताना चुकून क्लिप निघाली आणि दोन्ही इंजिनं एकदम गेली, तर बोट आडवी होऊ शकते. हा धोका खरा आहे. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा मुद्दा मात्र टिकत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्याचा कैवार घेतानाही, मोडकळीस आलेल्या पुलावर नकळत पाऊल टाकणाऱ्याला धरून मागे ओढायला हरकत घेतली नव्हती. त्या माणसाला नदीत पडायचं नसतंच. शिवाय पडणाऱ्याची मर्जी पाण्यात गेल्यावरही त्याची बोट दुसऱ्या पोहणाऱ्यांच्या अंगावर जातच असते.

राहतो तो पडलेल्याला परत आणण्याचा प्रश्न. चालक क्लिप घेऊनच पाण्यात गेलेला असतो आणि क्लिपशिवाय इंजिन सुरू होत नाही. म्हणून अनुभवी लोक एक सुटी किल कॉर्ड बोटीत ठेवायला आणि निदान आणखी एकाला ती कशी लावायची हे निघण्याआधी दाखवायला सांगतात. प्रारब्ध ज्याचं त्यानेच फेडायचं असतं. बोटीवर मात्र ते दुसऱ्याने हाती घ्यावं लागतं. क्लिप लावायची, इंजिन सुरू करायचं, हळू वळवायचं, आणि माणूस हाताच्या अंतरावर आला की दोन्ही इंजिनं पुन्हा बंद करायची, कारण पंखे मागेच असतात.